केबी५०३४४४१ : न बसणाऱ्या एका सुरक्षा अपडेटचा पाठपुरावा

९ जानेवारी २०२४ रोजी विंडोज १० साठी महिन्याची सुरक्षा अपडेट्स प्रसिद्ध झाली. त्यांत नेहमीच्या मोठ्या एकत्रित अपडेटखेरीज केबी५०३४४४१ या क्रमांकाचे एक स्वतंत्र अपडेट होते. सांगलीत आमचे लेखापरीक्षणाचे कार्यालय आहे आणि तेथील संगणकांची देखभाल माझ्याकडे असते. त्या आठवड्यात एकेका लॅपटॉपचे अपडेटचे पान उघडून पाहू लागलो, तेव्हा बहुतेकांवर एकच चित्र होते. मोठे अपडेट व्यवस्थित बसले होते, आणि हे दुसरे मात्र डाउनलोड होऊन, बसवण्याची क्रिया सुरू होऊन, मध्येच ०एक्स८००७०६४३ हा त्रुटी-क्रमांक दाखवून थांबले होते. ‘अपडेट बसवताना काही अडचणी आल्या, नंतर पुन्हा प्रयत्न केला जाईल’ अशा अर्थाची ओळ त्याखाली होती. पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण दाबले की तीच क्रिया तशीच पार पडे आणि तोच क्रमांक परत येई.

संगणक बाकी सुरळीत चालत असेल तर असे एखादे अपडेट बहुतेक कार्यालयांत तसेच सोडून दिले जाते, आणि दर वेळी ते चुकीचेच असते असे मी म्हणणार नाही. निर्णय घेण्यापूर्वी ते अपडेट कशासाठी आहे हे मात्र वाचायला हवे. केबी५०३४४४१ चे अधिकृत निवेदन वाचल्यावर कळले की ते रोज वापरात असलेल्या विंडोजसाठी नव्हतेच. संगणक सुरू होईनासा झाला की दुरुस्तीसाठी जी छोटी, वेगळी विंडोज उघडते, जिला रिकव्हरी एन्व्हायर्न्मेंट किंवा थोडक्यात विनआरई म्हणतात, तिच्यातील एक दोष ते दूर करणार होते. सीव्हीई-२०२४-२०६६६ या क्रमांकाने नोंदलेल्या त्या दोषाचा फायदा घेऊन, लॅपटॉप प्रत्यक्ष हातात असलेली व्यक्ती बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कवरील माहिती सांकेतिक रूपात कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, एन्क्रिप्शन ओलांडून डिस्कवरील माहितीपर्यंत पोहोचू शकत होती.

आमच्यासाठी ही बाब किरकोळ नव्हती. आमची मुले लॅपटॉप घेऊन जत, आटपाडी, कवठेमहांकाळ येथील पतसंस्थांत आणि दूध संस्थांत लेखापरीक्षणाला जातात आणि परतीचा प्रवास बहुधा संध्याकाळच्या एसटीने करतात. त्या लॅपटॉपवर सभासदांच्या याद्या, कर्जखाती, पॅन क्रमांक आणि ताळेबंदांचे कच्चे मसुदे असतात. लॅपटॉप हरवला तर यंत्राची किंमत भरून काढता येते, पण दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हवाली केलेल्या माहितीचे तसे नसते. म्हणूनच फिरतीवरच्या प्रत्येक लॅपटॉपची डिस्क आम्ही बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली होती. त्यातही आमची रचना केवळ टीपीएम चिपवर, म्हणजे डिस्कची किल्ली सांभाळणाऱ्या लॅपटॉपमधील चिपवर, अवलंबून होती. यंत्र सुरू करताना वेगळा पिन विचारला जात नसे. चिप आपणहून डिस्क उघडून देई आणि मग विंडोजचा पासवर्ड मागितला जाई. सुरुवातीचा पिन ठेवलेला असेल तर तो माहीत असल्याशिवाय या दोषाचा वापर करता येत नाही, असे दोषाच्या अधिकृत माहितीत म्हटले होते. आमच्याकडे तो पिन नसल्यामुळे हे अपडेट आम्हाला हवेच होते.

कार्यालयाच्या प्रमुख मॅडमना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी साहजिकच विचारले, “मशीन चालतंय ना? मग मार्च संपेपर्यंत हात कशाला लावायचा?” मी म्हणालो, “मॅडम, मशीन चालतंय, पण ते उद्या एसटीत राहिलं तर आतलं कुलूप उघडणारी किल्ली कोणाच्याही हाती लागू शकते.” त्यावर त्यांनी फिरतीचे लॅपटॉप आधी आणि कार्यालयातील यंत्रे सवडीने असा क्रम ठरवून दिला, आणि प्रत्येक यंत्राची माहिती आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्याखेरीज काम सुरू करायचे नाही अशी अट घातली. ती अट मलाही हवीच होती.

आता त्या क्रमांकाविषयी. ०एक्स८००७०६४३ हा आकडा दोन भागांत वाचायचा असतो. ८००७ हा भाग त्रुटी विंडोजच्या सर्वसाधारण यादीतली आहे एवढेच सांगतो, आणि ६४३ हा सोळाच्या पायावरचा आकडा दहाच्या पायावर आणला की १६०३ होतो. विंडोजच्या यादीत १६०३ चा अर्थ ‘बसवताना गंभीर त्रुटी आली’ इतकाच आहे. हाच क्रमांक डॉटनेट फ्रेमवर्क बसत नसताना दिसतो, डिफेंडरची व्याख्या-फाइल बसत नसताना दिसतो, आणि कितीतरी साध्या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही दिसतो. काही बिघडले आहे एवढे तो सांगतो. काय बिघडले आहे हे सांगत नाही.

अशा क्रमांकावर जे उपाय सर्रास सुचवले जातात ते मला ठाऊक होते: अपडेटच्या सेवा थांबवून सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन हे फोल्डर रिकामे करणे, एसएफसी आणि डिझम या साधनांनी विंडोजच्या फाइल्स तपासून घेणे, अपडेटचा ट्रबलशूटर चालवणे, आणि शेवटी विंडोज नव्याने टाकणे. यांपैकी एकालाही मी हात लावला नाही, आणि त्याचे कारण समोरच होते. त्याच दिवशी आलेले केबी५०३४१२२ हे शेकडो एमबींचे एकत्रित अपडेट त्याच यंत्रांवर, त्याच सेवांमार्फत, कोणतीही तक्रार न करता बसले होते आणि बिल्ड १९०४५.३९३० झाली होती. डिफेंडरच्या व्याख्याही रोज येत होत्या. अपडेट उतरवणारी, तपासणारी आणि बसवणारी यंत्रणा बिघडलेली असती तर हे घडले नसते. अडचण या एकाच अपडेटपुरती होती, तेव्हा या अपडेटला जे लागते आणि इतरांना लागत नाही अशा गोष्टीतच ती असणार होती. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही तेच दिसले. विंडोज अपडेटच्या नोंदींत मोठ्या अपडेटसमोर यशाची १९ क्रमांकाची नोंद होती आणि केबी५०३४४४१ समोर अपयशाची २० क्रमांकाची.

ती वेगळी गोष्ट निवेदनातच लिहिलेली होती, फक्त त्रुटी-क्रमांकाशी तिचा संबंध चटकन लागत नव्हता. विनआरई ज्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या राखलेल्या भागात, असते तेथे २५० एमबी जागा मोकळी असायला हवी, ती नसेल तर अपडेट बसणार नाही, असे त्यात म्हटले होते. खरे तर अशा वेळी ‘डिस्कवर जागा अपुरी’ असा संदेश यायला हवा होता. पण त्रुटी-क्रमांक हाताळणाऱ्या भागातील दोषामुळे त्याऐवजी ०एक्स८००७०६४३ दिसतो, हेही निर्मात्या कंपनीने त्याच पानावर नोंदवले होते. जगभर कित्येकांनी या क्रमांकामागे लागून निरोगी विंडोज पुसून नव्याने टाकली असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटते. विंडोज नव्याने टाकताना जुनी पार्टिशन्स तशीच ठेवली तर जागेचा प्रश्न जसाच्या तसा राहतो.

निवेदनावर विसंबून लगेच पार्टिशन कापायला घेणे योग्य नव्हते. आमच्या यंत्रांवर खरोखरच जागा कमी आहे का, हे आधी पाहायला हवे होते, आणि येथे एक फसवी गोष्ट समोर आली. विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडले तर रिकव्हरी पार्टिशनसमोर ‘१०० टक्के मोकळे’ असे लिहिलेले होते. ते खरे नसते. त्या पार्टिशनला ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसल्यामुळे ते साधन आत डोकावू शकत नाही आणि पूर्ण पार्टिशन मोकळे असल्याचे दाखवते. पॉवरशेलमध्ये गेट-व्हॉल्यूम ही आज्ञा दिली की अक्षर नसलेली पार्टिशन्सही यादीत येतात आणि उरलेली जागा खरी दिसते. पहिल्या लॅपटॉपवर रिकव्हरी पार्टिशन ५०९ एमबीचे होते आणि त्यात जेमतेम ६० एमबी जागा शिल्लक होती. बाकी सारी जागा विनआरई डॉट विम या एकाच फाइलने व्यापली होती. २५० च्या जागी ६०. अपडेट का बसत नाही याचे उत्तर मिळाले.

त्याबरोबर मी ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी’ ही आज्ञा ‘इन्फो’ या पर्यायासह चालवली. या आज्ञेला मी फार महत्त्व देतो. विनआरई चालू आहे की बंद, आणि चालू असल्यास ती कितव्या डिस्कच्या कितव्या पार्टिशनमध्ये आहे, हे तिच्याखेरीज खात्रीने कळत नाही. पहिल्या लॅपटॉपवर उत्तर आले: चालू आहे, डिस्क शून्य, पार्टिशन चार.

ही पार्टिशन्स इतकी तोकडी का, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. विंडोज पहिल्यांदा बसवली जाते तेव्हा हे पार्टिशन त्या वेळच्या विनआरईच्या मापाने, थोडीशीच सैल जागा ठेवून तयार होते. पुढे विंडोजची मोठी आवृत्ती आली की नवी विनआरई त्याच जागेत बसवली जाते, आणि तिचा आकार सहसा वाढतच जातो. पार्टिशन वाढत नाही. शिवाय अपडेट बसताना जुनी प्रत पुसून नवी लिहिली जाते असे सरळ घडत नाही. इमेज, म्हणजे विनआरई डॉट विम ही फाइल, दुरुस्त करून परत ठेवायला जादा जागा लागते, म्हणून ही २५० एमबींची अट.

कामाला लागण्यापूर्वीच्या तयारीवर मी मुद्दाम जास्त वेळ दिला, कारण पार्टिशन पुसण्याच्या आज्ञेला ‘परत घ्या’ असा पर्याय नसतो. लॅपटॉपवरील सगळी कामाची माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून तिच्यातील काही फाइल्स दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्या. मग बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे चिपने डिस्क उघडली नाही तर ती उघडणारा क्रमांक. ती ४८ अंकी असते आणि सहा-सहा अंकांच्या आठ गटांत लिहिलेली असते. ‘मॅनेज-बीडीई’ या आज्ञेने ती पडद्यावर आणून मी कार्यालयातील कुलूपबंद कपाटातल्या वहीतील नोंदीशी ताडून पाहिली. ताडणीची एक सोपी रीत येथे सांगून ठेवतो: या कीमधील प्रत्येक सहा अंकी गटाला ११ ने निःशेष भाग जातो. हाताने उतरवलेल्या कीमध्ये एखादा अंक चुकला असेल तर त्या गटाला भाग जात नाही आणि चूक तेथेच सापडते. एका लॅपटॉपच्या नोंदीत ७ आणि १ यांचा घोळ झालेला मला याच रीतीने सापडला. गरजेच्या दिवशी त्या कागदाने यंत्र उघडले नसते, ही जाणीव अपडेटच्या अडचणीपेक्षा मला अधिक हादरवून गेली.

त्यानंतर चार्जर जोडून बिटलॉकरचे संरक्षण तात्पुरते स्थगित केले. स्थगिती म्हणजे एन्क्रिप्शन काढणे नव्हे. माहिती एन्क्रिप्टच राहते, फक्त यंत्र सुरू होतानाच्या रचनेत बदल दिसला तर चिप अडून बसत नाही. विनआरई बंद-चालू करताना बूटच्या नोंदी बदलतात, आणि स्थगिती न देता तसे केले तर पुढच्या वेळी यंत्र ४८ अंकी की मागू शकते. की हाताशी होतीच, पण विनाकारण त्या वळणावर का जावे?

पहिली पायरी विनआरई बंद करण्याची. रीएजंटसीला ‘डिसेबल’ सांगितले की विनआरई डॉट विम ही फाइल रिकव्हरी पार्टिशनमधून उचलून सी ड्राइव्हवरील विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये आणून ठेवली जाते. ती खरोखर तेथे आली आहे का, हे पार्टिशन पुसण्यापूर्वी पाहणे मी अत्यावश्यक मानतो. फाइल लपवलेली असल्यामुळे साध्या यादीत दिसत नाही. लपलेल्या फाइल्सही दाखवणारा पर्याय देऊन यादी मागवावी लागते. ती तेथे नसताना पार्टिशन पुसले तर विनआरई कायमची जाते, पुन्हा चालू करताना ‘विंडोज आरईची इमेज सापडली नाही’ असे उत्तर येते, आणि मग विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या आयएसओमधून ती फाइल काढून आणण्याचा उद्योग करावा लागतो. आमच्याकडे प्रत्येक यंत्रावर फाइल जागेवर आली, तरी तिची एक प्रत मी दर वेळी पेन ड्राइव्हवर घेतली.

पुढचे काम डिस्कपार्टमध्ये, म्हणजे पार्टिशन्स हाताळणाऱ्या विंडोजच्या साधनात. या लॅपटॉपची रचना सोयीची होती: १०० एमबींचे ईएफआय (यंत्र सुरू करणाऱ्या फाइल्सचे पार्टिशन), १६ एमबींचे एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेले), मग सी ड्राइव्ह, त्याला लागून रिकव्हरी आणि शेवटी दुकानदाराने करून दिलेला डी ड्राइव्ह. सी निवडून तो शेवटाकडून आकसून घ्यायचा, रिकव्हरी पार्टिशन निवडून ते पुसायचे, आणि दोन्ही मिळून मोकळ्या झालेल्या सलग जागेत नवे, मोठे रिकव्हरी पार्टिशन करायचे, असा क्रम होता. अधिकृत सूचनेत सी ड्राइव्हमधून २५० एमबी घ्यायला सांगितले होते. मी ५०० घेतले. २५० ही या अपडेटपुरती किमान गरज होती. पुढे विनआरई पुन्हा वाढली तर हेच काम पुन्हा करायची वेळ येऊ नये असे वाटले, आणि २५६ जीबींच्या डिस्कमधून आणखी २५० एमबी देणे कोणालाही जड नव्हते.

रिकव्हरी पार्टिशन साध्या ‘डिलीट’ आज्ञेने पुसले जात नाही. ते संरक्षित असते, त्यामुळे ‘ओव्हरराइड’ हा शब्द जोडावा लागतो. तो शब्द टाइप करण्यापूर्वी आपण निवडलेले पार्टिशन खरोखर तेच आहे ना, हे ‘डिटेल पार्टिशन’ने पाहून मगच एंटर दाबले. नवे पार्टिशन करताना त्याला रिकव्हरी प्रकाराचा ठरलेला लांबलचक ओळखक्रमांक आणि जीपीटी या पार्टिशन-तक्त्याच्या पद्धतीतली विशेष खूण द्यावी लागते. ही पायरी गाळली तर पार्टिशन तयार होते, पण विंडोज त्याला साधे पार्टिशन समजते. खुणेचे काम दुहेरी असते: हे पार्टिशन यंत्राला आवश्यक आहे असे ती नोंदवते, त्यामुळे ते सहजी पुसले जात नाही; आणि त्याला आपोआप ड्राइव्हचे अक्षर मिळू नये अशी व्यवस्था करते, त्यामुळे वापरणाऱ्याला ते दिसत नाही आणि चुकून त्यात काही ठेवले जात नाही. हे आकडे मी हाताने टाइप केले नाहीत. अधिकृत पानावरून नोटपॅडमध्ये घेऊन, तेथून चिकटवले. त्यानंतर एनटीएफएस पद्धतीने झटपट फॉरमॅट, डिस्कपार्टमधून बाहेर, आणि रीएजंटसीला ‘एनेबल’. उत्तर यशाचे आले, ‘इन्फो’ विचारल्यावर विनआरई चालू आणि डिस्क शून्य, पार्टिशन चार असे दिसले. अपडेटच्या पानावर जाऊन पुन्हा प्रयत्न केला, आणि या वेळी केबी५०३४४४१ न अडखळता शेवटपर्यंत गेले.

दुसऱ्या प्रकारचे लॅपटॉप अधिक विचार करायला लावणारे होते. ते जुन्या काळी विंडोज १० च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी तयार केलेले होते आणि त्यांत ४९९ एमबींचे रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला, ईएफआयच्याही आधी होते. सी ड्राइव्ह शेवटाकडून आकसला तर मोकळी होणारी जागा त्या पार्टिशनला लागून येत नाही; मध्ये ईएफआय, एमएसआर आणि खुद्द सी ड्राइव्ह उभा असतो. पार्टिशन्स सरकवणारी बाहेरची सॉफ्टवेअर मिळतात, पण ग्राहकांची माहिती असलेल्या डिस्कवर सी ड्राइव्हची सुरुवातच हलवणे मला मान्य नव्हते. त्याऐवजी सी ड्राइव्हच्या शेवटी १ जीबी जागा मोकळी करून तेथे संपूर्ण नवे रिकव्हरी पार्टिशन केले. येथे एक काळजी घ्यावी लागली. जुने आणि नवे अशी दोन्ही रिकव्हरी पार्टिशन्स ठेवून विनआरई चालू केली तर ती पुन्हा जुन्या, अरुंद जागेत जाऊन बसू शकते, म्हणून विनआरई बंद असतानाच, फाइल सी ड्राइव्हवर आल्याची खात्री करून, जुने पार्टिशन पुसले. डिस्कच्या सुरुवातीचे ४९९ एमबी रिकामे पडून राहिले आणि ते तसेच राहू दिले.

त्याच प्रकारातील एका यंत्रावर नवे पार्टिशन करताना ओळखक्रमांक नीट लागला नसावा, कारण रीएजंटसीने ‘बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेल्या व्हॉल्यूमवर विंडोज आरई चालू करता येत नाही’ असे उत्तर दिले. हा संदेश मात्र प्रामाणिक आणि उपयोगी होता. योग्य रिकव्हरी पार्टिशन सापडले नाही की विंडोज विनआरईला सी ड्राइव्हवरच जागा द्यायला पाहते, आणि सी एन्क्रिप्ट केलेला असेल तर ते शक्य नसते, एवढे त्यातून कळत होते. पार्टिशनचा प्रकार पुन्हा नेमून दिल्यावर आज्ञा सफल झाली.

एका नामांकित बनावटीच्या लॅपटॉपवर डिस्कपार्टच्या यादीत ‘रिकव्हरी’ प्रकाराची दोन पार्टिशन्स दिसली. एक शेकडो एमबींचे आणि दुसरे कित्येक जीबींचे. दुसऱ्यात कारखान्यातील मूळ स्थिती परत आणणारी प्रत असते आणि तिचा या अपडेटशी काहीही संबंध नसतो. यादीत दोघांची नावे सारखीच दिसत असल्यामुळे रीएजंटसीने सांगितलेला पार्टिशनचा क्रमांक हाच येथे एकमेव भरवशाचा आधार होता. तो क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवूनच मी ते यंत्र हाताळले.

कार्यालयातील जुन्या डेस्कटॉपबाबत मी वेगळा निर्णय घेतला. त्यांवर बिटलॉकर नव्हते. जेथे एन्क्रिप्शनच नाही तेथे एन्क्रिप्शन ओलांडण्याच्या दोषाला अर्थ उरत नाही. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तरी माहिती वाचता येतेच. अशा यंत्रांची पार्टिशन्स केवळ अपडेटच्या पानावरची त्रुटीची लाल ओळ जावी म्हणून कापण्यात धोका होता आणि लाभ काहीच नव्हता. एकावर तर विनआरई मुळातच बंद होती. रिकव्हरी पार्टिशन नसलेल्या यंत्राला हे अपडेट लागत नाही आणि तेथील त्रुटीकडे दुर्लक्ष करता येते, असे निवेदनातही होते. त्या डेस्कटॉपसमोर वहीत ‘अपडेट लागू नाही, कारण अमुक’ अशी नोंद केली, म्हणजे पुढे माझ्या जागी कोणी आले तर त्याला हा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागू नये.

बसल्याची खात्री करणे हे माझ्या दृष्टीने बसवण्याइतकेच मोठे काम होते. अपडेटच्या पानावरील ‘यशस्वी’ हा शब्द पुरेसा नाही, कारण या अपडेटने जी वस्तू दुरुस्त करायची ती त्या पानाच्या विंडोजबाहेर असते. इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टमच्या नोंदींत विनआरईएजंटची ४५०१ क्रमांकाची, दुरुस्ती सफल झाल्याची नोंद पाहिली. मग डिझमला थेट रिकव्हरी पार्टिशनमधील विनआरई डॉट विमची माहिती विचारली. आवृत्ती १०.०.१९०४१ आणि त्यापुढील सर्व्हिस पॅक बिल्ड ३९२० आली, म्हणजे इमेज खरोखर नवी झाली होती. त्यानंतर बिटलॉकरचे संरक्षण पुन्हा सुरू केले आणि शेवटी शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून दुरुस्तीचा निळा पडदा उघडला, त्यातील कमांड प्रॉम्प्ट मागितला, आणि त्याने ४८ अंकी की मागितल्यावर वहीतली की टाइप करून पाहिली. विनआरई चालते, डिस्क कीशिवाय उघडत नाही आणि वहीतली की बरोबर आहे, या तिन्ही गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. बाहेर येऊन ‘मॅनेज-बीडीई’ला स्थिती विचारून बिटलॉकरचे संरक्षण सुरू असल्याचे पाहिले, ही शेवटची तपासणी राहिली तर सगळी खटपट व्यर्थ जाते.

पुढे त्याच वर्षी निर्मात्या कंपनीने स्पष्ट केले की जागा अपुरी असलेल्या विंडोज १० च्या यंत्रांसाठी आपोआप होणारा उपाय येणार नाही. पार्टिशन हातानेच मोठे करावे लागेल. पार्टिशन, जीपीटी, ओव्हरराइड हे शब्द ज्यांनी कधी ऐकले नाहीत अशा घरगुती वापरकर्त्यांकडून ही अपेक्षा करणे मला अवाजवी वाटते. आमच्या ओळखीच्या काही वकिलांची आणि डॉक्टरांची यंत्रे मी त्या काळात त्यांच्याकडे जाऊन नीट करून दिली, ती याच कारणाने.

ऑगस्ट २०२४ मध्ये केबी५०३४४४१ मागे पडून त्याच्या जागी केबी५०४२३२० आले, आणि त्याबरोबर एक बदल झाला, जो सहज लक्षात येत नाही. ज्या यंत्राच्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये जागा अपुरी होती त्याला हे नवे अपडेट दाखवलेच जात नव्हते. लाल ओळ गेली, त्रुटी-क्रमांक गेला, आणि ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांच्याकडे अपडेटचे पान एके दिवशी स्वच्छ दिसू लागले. ओळखीच्या एका कार्यालयातून मला आनंदाने फोन आला की, “दादा, ते अपडेट आपोआप बसलं बघा.” तेथे जाऊन मी डिझमला विनआरईची आवृत्ती विचारली तर ती जुनीच होती, गेट-व्हॉल्यूमने मोकळी जागा ७० एमबींच्या आसपास दाखवली, आणि त्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू होते, तेही पिनशिवाय. तेथेही वहीतील की ११ ने भागून तपासण्यापासून सुरुवात केली.

आता आमच्या वहीत प्रत्येक फिरतीच्या लॅपटॉपसमोर तीन रकाने वाढले आहेत: विनआरई कितव्या पार्टिशनमध्ये आहे, त्यात किती जागा मोकळी आहे, आणि इमेजची आवृत्ती कोणती आहे. मोठे अपडेट आल्यावर हे रकाने अपडेटच्या पानावरून भरायचे नाहीत, प्रत्येक यंत्राला आज्ञा देऊन जे उत्तर येईल तेच लिहायचे, असे कार्यालयातील मुलांनाही शिकवले आहे.